तुम्ही विचारलंत म्हणून : एक फिल्म, दोन भाषा आणि सॉफ्टवेअरचा प्रश्न

"मराठी आणि इंग्रजी, दोन्ही व्हॉइस-ओव्हर एकाच फिल्मवर बसवायचे आहेत. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत हा प्रश्न मला सगळीकडून येतो. कातळशिल्पांवर माहितीपट करणारी मुलं विचारतात, होमस्टे चालवणारे विचारतात, किल्ल्यावर पाहुण्यांना हिंडवणारे विचारतात. रत्नागिरीत राहून मी हेच काम करते, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर. रीपर घ्या, हे अनेक ट्रॅकवर आवाज बसवायचं सॉफ्टवेअर आहे. चित्राचं एडिटिंगही तुम्हीच करत असाल आणि कॉम्प्युटर दणकट असेल, तर डाविंची रिझॉल्व्ह घ्या. त्यातला फेअरलाइट विभाग आवाजासाठीच आहे. ऑडॅसिटी, म्हणजे आवाजाचं साधं सॉफ्टवेअर, रेकॉर्डिंग आणि साफसफाईपुरती ठेवा. आता हे असं का, ते सांगते. कारण समजलं तर माझं उत्तर तुमच्या कामाला लागू पडतं की नाही, हे तुम्हालाच ठरवता येईल.

बहुतेक जण मराठी ट्रॅक पूर्ण बसवतात, मग त्याच्याखाली इंग्रजी ट्रॅक ठेवून वाक्याखाली वाक्य जुळवायला जातात. हे जुळत नाही आणि जुळायची गरजही नसते. दोन्ही भाषांनी चित्राला धरून चालायचं, एकमेकींना नाही. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती घ्या. हे कातळशिल्प सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे आणि त्या हत्तीच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. जवळ उभं राहून पूर्ण आकार नजरेत मावत नाही. ड्रोन वर जातो, रेषा एकमेकींना मिळतात आणि हत्ती उमटतो. त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या कानावर 'हत्ती' पडला पाहिजे. इंग्रजी वाक्यात तो सुरुवातीलाच येऊन जातो, मराठीत शेवटाकडे येतो. म्हणजे इंग्रजी वाक्य उशिरा सुरू करायचं, मराठी लवकर. दोन्ही वाक्यांची सुरुवात एका रेषेत आणायला गेलात, तर एका भाषेत हत्ती दिसण्याआधीच त्याचं नाव घेतलं जाईल.

म्हणून सॉफ्टवेअरकडून पहिली मागणी अशी की काम करताना चित्र समोर हवं. ऑडॅसिटी इथेच बाद होते. 2000 सालापासून ती फुकट मिळते, चांगली आहे, मी रोज उघडते, पण तिच्यात व्हिडिओ दिसत नाही. आवाजाच्या लाटा बघून अंदाजाने वाक्यं सरकवणं म्हणजे धुक्यात होडी बंदराला लावणं. तिची एक सोय मात्र मला फार आवडते, लेबल ट्रॅक. चित्राचा कच्चा आवाज तिच्यात उघडून जिथे जिथे काही घडतं तिथे लेबल लावायचं. ती सगळी लेबलं सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेळेसह साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बाहेर काढता येतात. ही फाइल मी संहिता लिहिणाऱ्याच्या हातात देते. कुठल्या वाक्याला किती सेकंद मिळणार, हे लिहितानाच कळलं की पुढचं निम्मं दुखणं संपतं.

दुसरी मागणी जास्त महत्त्वाची आहे आणि ती कोकणातल्या फिल्मांमध्येच मला नीट कळली. आपल्याकडे दोन भाषांचे ट्रॅक एकसारखे नसतातच. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारा माणूस कॅमेऱ्यासमोर मालवणीत बोलतो. मराठी आवृत्तीत त्याच्यावर कुणाचाही आवाज चढवायचा नाही. त्याचं बोलणं मराठी प्रेक्षकाला कळतं, एखादा शब्द अडला तर खाली अक्षरं द्या. इंग्रजी आवृत्तीत मात्र व्हॉइस-ओव्हर लागतो. तिथे माहितीपटांची जुनी रीत पाळायची: आधी एक-दोन सेकंद त्याचा स्वतःचा आवाज पूर्ण ऐकू द्यायचा, मग तो खाली नेऊन त्यावर इंग्रजी सुरू करायचं, आणि इंग्रजी थोडं आधी संपवून त्याचे शेवटचे शब्द पुन्हा वर आणायचे. हर्णै बंदरावरच्या संध्याकाळच्या मासळी लिलावावर तर मी कुठल्याच भाषेत निवेदन ठेवत नाही. तो लिलाव ऐकायचा असतो.

हे मी आग्रहाने सांगते, कारण घाईत काम करणारे दोन्ही आवृत्त्यांसाठी मूळ आवाज एकदाच दाबून टाकतात. मग मराठी फिल्ममध्येही तो मच्छीमार पुटपुटल्यासारखा ऐकू येतो. स्वतःच्या भाषेतल्या फिल्ममध्ये त्याचा आवाज झाकला जाणं मला सहन होत नाही.

तेव्हा मूळ आवाजाची चढउतार प्रत्येक भाषेसाठी वेगळी ठेवता आली पाहिजे. रीपरमध्ये हे सरळ जमतं. मराठीचा एक फोल्डर ट्रॅक, म्हणजे बाकीचे ट्रॅक पोटात घेणारा ट्रॅक, करायचा, इंग्रजीचा दुसरा. निवेदन, मूळ आवाजाची प्रत, समुद्र-पाखरांचा आवाज, संगीत हे सगळं दोन्ही फोल्डरांत, आणि प्रत्येक प्रतीला तिची स्वतःची व्हॉल्यूमची रेषा. एक फोल्डर म्यूट केला की दुसरी आवृत्ती ऐकू येते. निवेदनाचे लहान लहान तुकडे करून ते पुढेमागे सरकवताना शेजारच्या ट्रॅकला धक्का लागत नाही. चित्र वेगळ्या खिडकीत चालू राहतं. शेवटी दोन्ही फोल्डर निवडून एकाच रेंडरमध्ये (तयार फाइल काढण्याच्या पायरीत) दोन फाइली बाहेर काढता येतात, दोन्ही तंतोतंत तेवढ्याच लांबीच्या.

रिझॉल्व्हमध्येही हे सगळं होतं. रिझॉल्व्ह बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिक कंपनीने 2016 मध्ये फेअरलाइट विकत घेतलं आणि 2017 च्या आवृत्ती 14 पासून ते रिझॉल्व्हमध्ये आलं. फुकट आवृत्तीतही ते मिळतं. त्याचा मोठा फायदा असा की चित्रात बदल झाला तर आवाज आणि चित्र एकाच टाइमलाइनवर असतात, फाइलींची ने-आण वाचते. पण त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. जुन्या लॅपटॉपवर ते रडतखडत चालतं आणि अडखळणाऱ्या चित्रावर सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ, तपासण्यात अर्थ नसतो. रीपर जुन्या मशीनवरही धावतं. 60 दिवस ते पूर्ण क्षमतेने वापरून बघता येतं, आणि एकट्याने काम करणाऱ्यासाठी परवाना 60 डॉलरचा आहे. दरमहा भाड्याने मिळणारी सॉफ्टवेअरं वाईट नाहीत, पण आपल्याकडे काम हंगामी असतं. चार महिने कामच नसताना भाडं भरत राहणं मला पटत नाही.

आपोआप सिंक करणाऱ्या साधनांबद्दलही बरेच जण विचारतात. व्होकअलाइनसारखी साधनं उत्तम आहेत, पण ती तेच वाक्य त्याच भाषेत पुन्हा बोलून घेतल्यावर नवा आवाज जुन्याच्या लयीत बसवण्यासाठी आहेत. मराठी वाक्याच्या लयीत इंग्रजी वाक्य बसवायला ती कामाची नाहीत. वेग वाढवून किंवा कमी करून वाक्य जागेत कोंबण्याच्याही मी विरोधात आहे. चार-पाच टक्क्यांपर्यंत कानाला कळत नाही. त्यापुढे माणूस धावत बोलतोय असं वाटायला लागतं, व्यंजनं खरखरतात. वाक्य लांब असेल तर शब्द कमी करा आणि पुन्हा बोलून घ्या.

आता सर्वात जास्त त्रास देणारी गोष्ट. "सुरुवातीला बरोबर असतं, शेवटी आवाज पुढे जातो." ही तक्रार आली की मी सॉफ्टवेअरचं नावही विचारत नाही, चित्राची फाइल मागवते. बहुतेक फोन व्हिडिओ घेताना फ्रेमचा वेग (फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला किती चित्रं) स्थिर ठेवत नाहीत, प्रकाश कमी झाला की तो बदलतो. असा व्हिडिओ वेगवेगळी सॉफ्टवेअरं वेगवेगळा वाचतात. काम सुरू करण्याआधीच हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून तो स्थिर फ्रेम रेटवर करून घ्या. ते फुकट आहे. पूर्ण प्रोजेक्टचा फ्रेम रेट एकच ठरवा. 29.97 आणि 30 मधला फरक क्षुल्लक दिसतो, पण एकाच्या जागी दुसरा धरला तर दहा मिनिटांत आवाज 0.6 सेकंद सरकतो, आणि तेवढ्यात ड्रोन हत्तीवरून पुढे गेलेला असतो. आवाजाचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा, सगळीकडे 48 किलोहर्ट्झवर ठेवा. 44.1 हा सीडीचा आकडा आहे, चित्रासोबत 48 चालतो.

रेकॉर्डिंगबद्दल थोडंसं. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून बंदरावरचं शूटिंग मे महिन्यातच आटोपतं आणि निवेदन नेमकं पावसात करायची वेळ येते. पत्र्यावरचा पाऊस कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण जात नाही. घरातली सर्वात आतली खोली निवडा, भिंतींना गोधड्या लावा, पावसाची उघडीप बघून बोला. दोन्ही भाषांचे निवेदक त्याच खोलीत, त्याच माइकवर, तेवढ्याच अंतरावरून बोलू देत. कुणीच बोलत नसतानाचा त्या खोलीचा अर्धा मिनिट आवाजही घेऊन ठेवा. वाक्यांमधल्या फटी त्यानेच भरायच्या. लाइट जाते हे धरूनच चाला: ऑटोसेव्ह दर दोन मिनिटांनी आणि मशीन यूपीएसवर.

शेवटी दोन्ही भाषांची पातळी मोजून सारखी करा. कानावर सोडू नका, कारण आपल्या भाषेचा आवाज आपल्याला कमी पातळीवरही स्पष्ट कळतो. रीपरच्या रेंडर खिडकीत एलयूएफएसचा, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापाचा, आकडा मिळतो. यूट्यूबसाठी मी दोन्ही आवृत्त्या -14 च्या आसपास ठेवते. तिथे एकाच व्हिडिओला दुसऱ्या भाषेचा ट्रॅक जोडायचा असेल तर त्याची लांबी व्हिडिओइतकीच हवी, म्हणून निवेदन कुठेही सुरू होवो, दोन्ही फाइली शून्यापासून शेवटच्या फ्रेमपर्यंत काढा. फाइली दुसऱ्या एडिटरकडे जाणार असतील तर पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एक फ्रेम लांबीचा बीप टाका, दोन्ही ट्रॅकवर आणि चित्रावरही. त्याला तुमची भाषा येत नसली तरी बीपला बीप लावून ट्रॅक जागेवर बसवता येतो.