मग ती संस्था कोणाची?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दर आठ नोकरदारांमागे साधारण एक जण नॉनप्रॉफिट, म्हणजे ना-नफा, संस्थेत नोकरी करतो, असं मी म्हटलं, तेव्हा आत्या हळहळली. "एवढी गरिबी आहे का गं तिकडे?"

तिचं असं वाटणं मला अगदी समजलं. आत्या कर्वेनगरला राहते. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम पुढे ज्या हिंगण्याला गेला, तेच आजचं कर्वेनगर. संस्था म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे मुलींचं वसतिगृह, शिवणवर्ग, बालवाडी येते. बारा वर्षांपूर्वी मिनीॲपोलिसच्या एका उपनगरात राहायला गेले, तेव्हा माझ्याही डोळ्यांपुढे तेच यायचं. सध्या दीड महिन्याच्या सुट्टीवर पुण्यात आहे आणि रोज संध्याकाळी आत्याशी याच विषयावर बोलणं होतंय, म्हणून लिहिते.

मिनेसोटाची वस्ती सुमारे ५७ लाख. आपल्या पुणे जिल्ह्यात २०११च्या जनगणनेतच ९४ लाख माणसं होती. तरी एवढ्याशा राज्यात हजारो नॉनप्रॉफिट संस्था आहेत, आणि त्यांतली सर्वांत मोठी अनाथाश्रम नाही, हॉस्पिटल आहे. मेयो क्लिनिक. ते ज्या रॉचेस्टरला आहे, ते जेमतेम सव्वा लाख वस्तीचं गाव. १८८३ मध्ये तिथं मोठं चक्रीवादळ झालं, गावाचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, जखमींना ठेवायला जागा नव्हती. डॉ. मेयो आणि त्यांच्या मुलांसोबत गावातल्या फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती जोगिणींनी शुश्रूषा केली आणि नंतर पै-पै साठवून १८८९ मध्ये हॉस्पिटल बांधलं. पुढे दोघे मेयो बंधू जगभर नावाजले, श्रीमंत झाले आणि १९१९ मध्ये त्यांनी दवाखान्याची मालमत्ता आणि स्वतःची बहुतेक बचत एका ना-नफा संस्थेच्या नावे करून टाकली. तेव्हापासून तिथले डॉक्टर पगारावर काम करतात. किती तपासण्या लिहून दिल्या, किती ऑपरेशनं केली, यावर त्यांची मिळकत ठरत नाही.

हे ऐकून आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मुलांना काय वाटलं असेल?" मेयो बंधूंच्या मुलांना काय वाटलं ते मला सांगता आलं नाही, पण प्रश्न मला फार आवडला.

हॉस्पिटलांपुढे यादी संपतच नाही. गथ्री थिएटर, १९६३ पासूनचं, नॉनप्रॉफिट. मी रोज गाडीत ऐकते तो मिनेसोटा पब्लिक रेडिओ नॉनप्रॉफिट. मिनीॲपोलिसचं मोठं कलासंग्रहालय, जिथं प्रवेशाला एक पैसा लागत नाही, तेही. कार्लटन, मॅकालिस्टरसारखी कॉलेजं. राज्यात १९७३ ते २०१७ पर्यंत एचएमओ प्रकारच्या आरोग्यविमा कंपन्यांना नफ्यासाठी धंदा करायची कायद्यानंच मनाई होती, म्हणजे विमासुद्धा ना-नफा! त्याशिवाय देवळं, चर्च, मशिदी, अन्नपेढ्या, निर्वासितांना घर लावून देणाऱ्या संस्था, दफनभूमीच्या समित्या.

बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचे क्लबही आहेत. राज्यात त्या गाड्यांसाठी सुमारे ३५ हजार किलोमीटरच्या वाटा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक वाटा गावोगावच्या क्लबांचे स्वयंसेवक राखतात. झाडं छाटतात, फळ्यांचे पूल दुरुस्त करतात, शेतकऱ्यांच्या घरी जाऊन जमिनीतून वाट काढायची परवानगी मागतात. आमच्या शेजारचे आजोबा ७४ वर्षांचे आहेत. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडायच्या आत ते करवत घेऊन रानात जातात. आपल्याकडे वारीच्या आधी दिंडीतली मंडळी ज्या मनानं तयारीला लागतात, ते मन मला त्यांच्यात दिसतं.

एक गोष्ट मात्र आत्याला पटली नाही, आणि मलाही अजून पूर्ण पटलेली नाही. तिथल्या बारमध्ये 'पुल टॅब' नावाची कागदी तिकिटं मिळतात. पट्टी ओढायची, चित्रं जुळली तर पैसे. हा जुगार चालवायचा परवाना फक्त नॉनप्रॉफिट संस्थांना मिळतो. मुलांचा आइस हॉकी क्लब, माजी सैनिकांची संघटना, अशांना. वर्षाची उलाढाल ४ अब्ज डॉलरपेक्षा जास्त. त्यातला मोठा हिस्सा बक्षिसांत परत जातो, काही कर म्हणून सरकारला, आणि उरलेल्यातून मुलांच्या हॉकीचे तास, गणवेश. "दारूच्या गुत्त्यावर जुगार आणि त्यातून मुलांचे बूट?" आत्या म्हणाली. तिथं लोकांना यात काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. ज्या माणसाला सवय लागते, त्याच्या घरातल्या मुलाचे बूट कोण घेणार?

व्यसनाचा विषय निघाला म्हणून सांगते. मिनेसोटातल्या सेंटर सिटी या छोट्या गावात १९४९ मध्ये एका शेतघरात हेझल्डन नावाचं व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. व्यसन हा आजार आहे, रुग्णाला मान देऊन वागवायचं, डॉक्टर, समुपदेशक आणि व्यसनातून बाहेर आलेली माणसं यांनी मिळून उपचार करायचे, ही पद्धत जगभर 'मिनेसोटा मॉडेल' म्हणून ओळखली जाते. आणि १९८६ मध्ये आपल्या पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला देणगी दिली. तिथंही बरा झालेला माणूसच नव्याला हात देतो. दोन्ही ठिकाणी दार उघडं ठेवणारी संस्था आहे, दुकान नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. अशा रुग्णाकडून नफा काढायचा ठरवला, तर तो बरा होऊ नये यातच फायदा दिसायला लागेल.

पण ना-नफा म्हणजे स्वस्त, असं समजू नका. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत माझी मुलगी घरासमोरच्या बर्फावर घसरून पडली, मनगट मोडलं. ज्या हॉस्पिटलात नेलं, ते नॉनप्रॉफिट. बिल आलं तेव्हा माझे हात कापायला लागले, कारण त्याच महिन्यात नवऱ्याची नोकरी गेली होती आणि विमा नव्हता. दोन हप्ते भरून झाल्यावर एका मैत्रिणीनं सांगितलं, "अगं, सवलतीचा अर्ज केलास का?" २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यानुसार करसवलत घेणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलला अशा सवलतीचं लेखी धोरण ठेवावं लागतं आणि ते रुग्णांना कळवावंही लागतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. अर्ज केला, पगाराच्या जुन्या पावत्या जोडल्या, आणि अर्ध्याहून जास्त बिल माफ झालं. मला त्या दिवशी आनंद कमी झाला, राग जास्त आला. ज्यांना इंग्रजी येत नाही, ज्यांना मैत्रीण नाही, त्यांचं काय?

आत्या म्हणाली, "आपल्याकडे काय वेगळं आहे?" खरंच आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. हे किती पुणेकरांना माहीत आहे? पुढच्या वेळी कोणी ओळखीचं ॲडमिट झालं, तर तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला जरूर विचारा.

मी आमच्या छोट्या मराठी शाळेची खजिनदार आहे. शनिवारी चर्चच्या तळघरात भरते, ४० मुलं येतात. वर्षाची जमा ५० हजार डॉलरच्या आत असली, तर आयकर खात्याला एक चिमुकला ऑनलाइन फॉर्म भरायचा, पाच मिनिटांचं काम. पण सलग तीन वर्षं विसरलात, तर करसवलत आपोआप रद्द होते. आमच्याच गावातल्या एका मंडळाचं असं झालं. जुन्या खजिनदारांनी पासवर्ड नव्यांना दिला नाही, नव्यांना फॉर्म भरायचा असतो हेच माहीत नव्हतं. पुन्हा अर्ज, पुन्हा २७५ डॉलर शुल्क, आणि देणगीदारांसमोर मान खाली. त्या मंडळींनी पंधरा वर्षं दिवाळीला साडेतीनशे माणसांचा फराळ स्वतः केला होता, एका फॉर्मनं त्यांचं नाव यादीतून पुसलं, याचं मला फार वाईट वाटलं.

मोठ्या संस्थांना मात्र फॉर्म ९९० भरावा लागतो, आणि तो कुणालाही वाचता येतो. मी आत्याला मोबाइलवर काढून दाखवला. किती जमा, किती खर्च, वरच्या अधिकाऱ्यांचा पगार किती, सगळं. आत्यानं चष्मा बदलला. ती एका महिला वाचनालयाची २६ वर्षं खजिनदार होती. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात हिशेबपत्रकं आणि चेंज रिपोर्ट घेऊन घातलेल्या फेऱ्या तिला पाठ आहेत. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत कळवायचं, हे ती झोपेतही सांगेल. "पगारसुद्धा छापतात!" ती दोनदा म्हणाली. चर्च आणि देवळांना हा फॉर्म भरावा लागत नाही, हेही मी तिला सांगितलं. त्यावर तिनं नुसती मान हलवली.

मग तिनं विचारलं, "यांचे सभासद किती?"

मी म्हटलं, "बहुतेकांना सभासद नसतातच."

"म्हणजे?"

"मिनेसोटाच्या कायद्यात किमान तीन संचालक लागतात. सभासद असलेच पाहिजेत असं नाही. संचालक मंडळ आपले नवे संचालक आपणच निवडतं. देणगी देणाऱ्याला मत नसतं."

"मग ती संस्था कोणाची?"

कायद्याचं उत्तर मला माहीत होतं. कोणाचीच नाही. मालक नसतो, नफा वाटता येत नाही, संस्था बंद पडली तर शिल्लक दुसऱ्या तशाच कामालाच द्यावी लागते, आणि जनतेच्या वतीनं राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील, लक्ष ठेवतात. हे सांगितलं, पण आत्याचं समाधान झालं नाही, आणि माझंही नाही. नोव्हेंबरात 'गिव्ह टू द मॅक्स डे' असतो, म्हणजे संस्थांना देणग्या द्यायचा दिवस. २००९ मध्ये पहिल्याच वर्षी २४ तासांत सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर जमले होते. मीही दरवर्षी पाच-सहा संस्थांना देते. बाराव्या वर्षी जाणवतंय की त्यांतल्या एकाही संस्थेच्या सभेला मी गेलेली नाही, मला कोणी बोलावलेलं नाही.

गेल्या रविवारी आत्यानं मला वाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला नेलं. पाच वाजता १९ बायका होत्या, कोरमला २५ हव्या. सभा अर्धा तास तहकूब झाली आणि साडेपाचला त्याच जागी, त्याच १९ जणींची पुन्हा सुरू झाली. ताळेबंद वाचून झाला. मागच्या रांगेतून ८० च्या घरातल्या एक आजी उठल्या. वर्गणी वर्षाला २०० रुपये. त्या म्हणाल्या, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चहाचे ३४० रुपये लावलेत. मला चहा मिळाला नव्हता."

कोणी हसलं नाही. नव्या खजिनदार बाई उठल्या, फाइल उघडली, पावती काढून त्यांच्या हातात दिली. आजींनी ती उजेडाकडे धरून तारीख वाचली, दुकानाचं नाव वाचलं, रक्कम वाचली. "ठीक आहे. मी लवकर गेले असेन," म्हणाल्या, आणि पावती परत केली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पुढचा विषय."