तिथीची पाऊणकी

आमच्या घरात भरतीची वेळ काढण्याचे गणित आईकडे आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची आणि येईल त्या वाजता भरती पूर्ण होते, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते आणि मुंबईत पाणी पूर्ण चढते ते बाराच्या सुमारास, पण एवढ्या फरकाबद्दल कोकणातले कुणी कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. आई खाडीकाठच्या गावात वाढली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे तिच्या पिढीने घोकले होते, आणि त्यांतली पाऊणकी रोजच्या व्यवहारात अजून चालू असलेले आमचे बहुधा इमारतीतले एकमेव घर असावे. माझी मुलगी हीच वेळ मोबाईलवर मिनिटांसकट पाहते आणि आजीला सांगते. आजी ती ऐकून घेते आणि कालनिर्णयाच्या चौकटीत पुन्हा तिथी बघते.

चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि त्याच्या मागोमाग भरतीही तेवढीच पुढे सरकते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात. शाळेच्या पुस्तकात वाचलेली ही गोष्ट मला खऱ्या अर्थाने कळली ती रोज संध्याकाळी साडेसहाला दादरच्या चौपाटीवर जाऊन लिहायला बसण्याची शिस्त मी स्वतःला लावून घेतली तेव्हा. वेळ माझी ठरलेली, समुद्राची सरकती. एका आठवड्यात ज्या साडेसहाला पाणी संरक्षक भिंतीच्या दगडांवर आपटत होते, त्याच साडेसहाला पुढच्या आठवड्यात ओल्या वाळूचा लांबरुंद पट्टा उघडा पडलेला असे आणि त्यावर मुले क्रिकेट खेळत. लोकलच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या माणसाला हे प्रथम गैरसोयीचे वाटते. पंधरवड्याने मात्र तीच वेळ आणि तेच पाणी पुन्हा जुळून येतात, आणि मग लक्षात येते की हा बेशिस्तपणा नसून फक्त मोठ्या मापाचा ताल आहे. आपण समेवर हजर राहत नाही एवढेच. आपल्याकडे ओवीचे मापही असेच साडेतीन चरणांचे सांगतात, तीन चरण यमकात बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. पूर्णांकात न बसणाऱ्या गोष्टींवर आपल्या पूर्वजांचा एवढा लोभ का होता, याचा विचार मी अनेकदा अर्धी कविता बाजूला ठेवून केला आहे.

काळा घोड्याला जहांगीर कलादालनाबाहेरच्या फुटपाथवर चित्रे मांडणारा माझा एक मित्र वांद्र्याच्या बँडस्टँडला जलरंगात निसर्गचित्रे करतो. त्याचे म्हणणे असे, की भरतीचा समुद्र कुणीही काढावा, त्याला एक निळी-करडी पट्टी आणि थोडा फेस पुरतो. ओहोटीचा काढायला बसले की हात कचरतो. त्याच्याबरोबर मी एकदा ओहोटीला खडकांवर उतरले होते. काळ्या दगडांवर एका ठरावीक उंचीपर्यंत कालवांचे पांढरट, धारदार कवच चिकटलेले होते, त्याच्या खाली हिरवे शेवाळ, आणि दोन दगडांच्या फटीत साचलेल्या वीतभर पाण्यात एक खेकडा आमच्या सावलीसरशी आत सरकला. थोड्या अंतरावर दोन बायका उकिडव्या बसून टोकदार लोखंडाने कालवे फोडत होत्या. आतला गर बोटाने काढून डब्यात टाकण्याची त्यांची चपळाई अशी, की दगड कुठे संपतो आणि कालव कुठे सुरू होते ते पाहणाऱ्याला कळू नये. मित्राने दगड नीट मांडून घेतले, पण रंग वाळेपर्यंत पाणी चढू लागले आणि चित्राचा सगळा पुढचा भाग डोळ्यांदेखत बुडाला. तो म्हणाला, उरलेले आठवून करीन. ते चित्र मला त्याच्या सर्व चित्रांत उजवे वाटते. गिऱ्हाईक मात्र भरतीचीच घेते, कारण दिवाणखान्यात दगड आणि शेवाळ कुणालाच नको असते.

आईला समुद्रात एवढा रस असण्याचे खरे कारण बाजार हे आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर बोंबील प्रामुख्याने डोल जाळ्यात मिळतात. हे पिशवीसारखे जाळे एका जागी बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप त्यात शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, ओढ जोरकस असते, डोलीत मासळी भरपूर लागते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी मंदावते आणि टोपल्या अर्ध्या राहतात. म्हणून आमच्याकडे बोंबील खायचे की नाही हे जिभेवर नव्हे, तिथीवर ठरते. एकदा सप्तमीला मी हौसेने बाजारात गेले, तर आमच्या नेहमीच्या कोळणीनेच मला परत पाठवले: “भांग हाय बाय, चार-पाच दिवसांनी ये.” धंद्याच्या जागी बसून गिऱ्हाइकाला असे सांगणारी माणसे या शहरात आहेत, हे मी माझ्या मुलीला मुद्दाम सांगते.

पावसाळ्यात हेच गणित सगळ्या शहराच्या मानगुटीवर बसते. मुंबईतल्या पर्जन्यवाहिन्यांची बरीचशी तोंडे भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. पाणी चढलेले असताना मोठी सर आली की पावसाचे पाणी समुद्रात जायला वाट उरत नाही आणि ते हिंदमाताला किंवा मिलन सबवेत थांबून राहते. पंप बसवल्यापासून थोडा फरक पडला आहे, पण पालिका अजूनही दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या दिवसांची यादी काढते आणि वर्तमानपत्रे ती छापतात. आई ती यादी कापून फ्रिजवर लावते. तिच्या दृष्टीने ती पौर्णिमा-अमावास्यांचीच यादी आहे, पालिकेने उगाच मीटरमध्ये लिहिलेली.

त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये कुणी कवितावाचनाला बोलावले की मी तारीख ऐकून घेते आणि त्या दिवशी तिथी कोणती, असे विचारते. दुपारचा कार्यक्रम आणि उधाणाची भरती एकत्र आली आणि त्यात पाऊस धरून बसला, तर श्रोते दादरच्या पलीकडे अडकतात आणि कविता संयोजकांनाच ऐकाव्या लागतात. संयोजकांचा समज होतो की बाई फार मुहूर्त पाहतात. काही जण तर पुढच्या वेळी आपणहून पंचांग बघून फोन करतात आणि “या दिवशी एकादशी आहे, चालेल ना?” असे अदबीने विचारतात. सव्वाआठ, मी मनात म्हणते, आणि होकार देते.