एमलॅटचं कोडं सुटलं: चूक माझ्याच स्टेशनवर

आपण काही जण विमानांचे रेडिओ संदेश पकडून एका सामाईक नकाशावर दाखवतो. त्यावर एमलॅटने, म्हणजे संदेश वेगवेगळ्या स्टेशनांवर पोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून, काढलेल्या जागा चुकत होत्या, आणि मागच्या अपडेटमध्ये मी काटोलच्या भाऊंच्या रिसिव्हरवर संशय घेतला होता. तो शब्द मनापासून मागे घेतो. बिघाड माझ्याच वावरातल्या खोलीवर होता, आणि परवा रात्री २ वाजता तो डोळ्यांनी पाहिला.

दुखणं तुम्हाला माहीत आहेच. आपल्या सामाईक नकाशावर एमलॅटची विमानं वर्ध्याकडे आली की नागमोडी चालत, मध्येच कुठच्या कुठे उडी मारत. माझा स्वतःचा नकाशा मात्र स्वच्छ. तिथंच मी फसलो. माझ्या नकाशावर येणारं एडीएस-बीचं विमान आपली जागा रेडिओवरून स्वतः सांगतं. माझं घड्याळ चुकलं तरी त्याला फरक पडत नाही. एमलॅटमध्ये संदेश कुणाकडे कधी पोचला यावरच सगळा हिशोब, आणि १ मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर.

अक्षांश-रेखांश पुन्हा घेतले, उंची मीटरमध्येच भरली आहे हे पाहिलं, अँटेना उतरवून कनेक्टर नव्याने बसवला. काडीचा फरक नाही. मग सिंक (इतर स्टेशनांशी माझ्या घड्याळाचा मेळ) तुटण्याच्या वेळा दोन आठवडे वहीत लिहिल्या. एका आठवड्यात दिवसा तुटतं, दुसऱ्यात रात्री. बाबांनी वही पाहिली आणि म्हणाले, "अरे, हा तं थ्री फेजचा टाईम हाय!"

या आठवड्यात शेतपंपांची ही लाईन रात्रीची. हरभऱ्याला पाणी सोडून स्टेशन चालवणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाजवळ मल्टीमीटर लावून बसलो. लाईन आली तेव्हा ४.९८ व्होल्ट. मग शिवारातल्या मोटारी एकेक सुरू झाल्या, बल्ब पिवळा पडला, आकडा ४.७१ वर आला, आणि ४.६ च्या खाली जाताच पायचा लाल दिवा विझला. पायची अवस्था सांगणाऱ्या गेट थ्रॉटल्ड कमांडने ५०००५ दाखवलं. व्होल्टेज आत्ता कमी आहे आणि आधीही पडलं होतं, दोन्ही त्यात आलं. त्याच मिनिटाला सिंक गेलं. इतका आनंद मला पहिलं विमान दिसलं तेव्हाही झाला नव्हता.

आपलं डोंगल, म्हणजे अँटेनाचा सिग्नल घेणारा यूएसबी रिसिव्हर, सेकंदाला २४ लाख सॅम्पल (सिग्नलची मोजमापं) देतं आणि ते मोजूनच वेळ ठरते. एक सॅम्पल गळलं की सव्वाशे मीटर गेले. इथे तर यूएसबीवर घोसच्या घोस गळत होते. उन्हाळ्यात डोंगलच्या घड्याळाचा क्रिस्टल तापून हळूहळू सरकतो, ते सर्व्हर सांभाळून घेतो. अशा उड्या त्याला झेपत नाहीत.

अर्धा दोष केबलचा. तीन मीटरची बारीक मोबाइल केबल मीच लावली होती. ५.१ व्होल्ट, अडीच अँपिअरचा अडॅप्टर आणि जाड, आखूड केबल यांवर पैसे वाचवू नका, हे आता ठासून सांगतो. सीताबर्डीहून आणलेला माझा स्वस्त अडॅप्टर खोक्यात गेला.

सध्या फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ एएचची बॅटरी काढून व्होल्टेज उतरवणाऱ्या बक कन्व्हर्टरवर ५.१ ला बसवली आहे. लाईन असेल तेव्हा चार्ज होते. दोन रात्री सिंक एकदाही तुटलं नाही. पण फवारणी आली की बाबा बॅटरी परत मागणार, त्यामुळे एलएनएसाठी (अँटेनाचा सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) ठेवलेले पैसे आता वेगळ्या बॅटरीत घालतो.

हे लिहिता लिहिता सुचलं: लाईनच नको असेल तर स्टेशन खोलीवरच का ठेवायचं? छोटं सोलर पॅनल घेतलं तर मागच्या टेकडीवर नेता येईल. तिथून पूर्वेकडचं क्षितिज मोकळं आहे. तरी गोंदियाच्या बिरसी विमानतळावर खाली उडणारी प्रशिक्षण विमानं इथून दिसणार नाहीत. ३००० फुटांवरचं विमान सव्वाशे किलोमीटरपलीकडे क्षितिजाआड जातं. साकोली-तिरोड्याकडे कुणी अँटेना लावायला तयार असेल तर माझं जुनं डोंगल आणि केबलवाल्याच्या आरजी-६ केबलची बनवलेली कोलिनिअर अँटेना मी आणून देतो.

काटोलच्या भाऊ, तुमच्या लॉगमध्ये माझं स्टेशन मंगळवारपासून कसं दिसतंय तेवढं टाका.