लेझरविना पीएस२: पेनड्राइव्ह ते लॅन

लेझरचं आता काही होत नाही हे मान्य केलं. माझी पीएस२ (प्लेस्टेशन २) स्लिम, मॉडेल एससीपीएच-७०००४, निळ्या बुडाच्या सीडी अजून वाचते. चंदेरी डीव्हीडी टाकली की नुसती घरघर. सीडी आणि डीव्हीडीसाठी लेझर वेगळा असल्यामुळे हा अर्धवट मृत्यू. त्यामुळे डिस्क ड्राइव्ह सोडून गेम चालवायचं ठरवलं. माझ्या डिस्कच्या आयएसओ, म्हणजे डिस्कची एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, लॅपटॉपवर आधीच काढून ठेवल्या होत्या.

पहिला आठवडा मेमरी कार्डातच गेला. फ्री एमसीबूट, म्हणजे मेमरी कार्डावरून बाहेरचे प्रोग्राम सुरू करून देणारं सॉफ्टवेअर; त्याला मॅजिकगेटवालं (सोनीच्या कॉपी-संरक्षणाचं) कार्ड लागतं. बाजारातून आणलेलं 'ओरिजिनल' ८ एमबी कार्ड इन्स्टॉलरने सपशेल नाकारलं. शेवटी जुनं खरं कार्ड शोधलं आणि मित्राच्या पीएस२वरून त्यावर इन्स्टॉल केलं. (उशिराच्या ९०००० मालिकेत ही युक्ती चालत नाही, त्यांनी फॉर्च्युना हा दुसरा मार्ग बघावा.)

मग ओपीएल (ओपन पीएस२ लोडर, आयएसओतून गेम चालवणारा प्रोग्राम) आणि पेनड्राइव्ह. मेनू आला, गेम सुरू झाला, मी खूश. आणि पहिल्याच कट-सीनला आवाज अडखळू लागला, जुन्या टेपची कॅसेट ओढल्यासारखा. ही चूक पेनड्राइव्हची नव्हे. पीएस२चं यूएसबी १.१ आहे, म्हणजे १२ मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम १ एमबी. मूळ ड्राइव्ह डीव्हीडी ४एक्सने वाचतो, म्हणजे ५ एमबीच्या वर. व्हिडिओ त्या हिशेबाने भरलेला असतो, मग महागडा पेनड्राइव्ह लावून काय होणार? मी तोही लावून बघितलाच.

दोन गोष्टींनी थोडा फरक पडला. फाइल सलग हवी, तुकडे असतील तर ओपीएल सरळ तक्रार करतं. म्हणून ड्राइव्ह फॉरमॅट करून एकेक आयएसओ परत कॉपी केली. आणि फॅट३२ फॉरमॅटवर ४ जीबीच्या पुढची फाइल मावत नाही, तिचे १ जीबीचे तुकडे करावे लागतात. ओपीएलच्या नव्या बीटा (चाचणी) आवृत्तीत एक्सफॅट फॉरमॅटही चालतो, ती कटकट गेली. अडखळणं मात्र तसंच.

खरी सुटका झाली लॅनने. स्लिमला इथरनेट जन्मजात आहे, १०० मेगाबिटचं. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आणि सांबा, म्हणजे फोल्डर नेटवर्कवर शेअर करणारं सॉफ्टवेअर. पीएस२ला फाइल-शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल एसएमबी १च कळतो आणि आताचं सांबा तो मूळ सेटिंगमध्ये नाकारतं, म्हणून किमान प्रोटोकॉल एनटी१ (म्हणजे एसएमबी १) ठेवावा लागला. फोल्डरचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'डीव्हीडी', त्यात आयएसओ. आयपी दोन्हीकडे हाताने दिला. एवढ्यात दोन संध्याकाळी गेल्या; त्यातली एक केबलच खराब निघाल्यामुळे.

तोच कट-सीन आता सलग चालतो. हॉलमधून गेलेल्या निळ्या वायरीवर आईचा आक्षेप आहे, आणि तो रास्तच आहे.

एमएक्स४एसआयओ, म्हणजे मेमरी कार्डाच्या जागी एसडी कार्ड, मी मुद्दाम टाळलं. ते दुसऱ्या स्लॉटमध्येच बसतं आणि तिथे माझ्या जुन्या सेव्ह्जचं कार्ड आहे. ७००००च्या बोर्डावर आयडीईचे (हार्ड डिस्क जोडायचे) पॉइंट्स आहेत म्हणून हार्ड डिस्कचाही मोह होतो, पण एवढं बारीक सोल्डरिंग माझ्या हातून होणार नाही.

पुढच्या रविवारी व्हीएमसी, म्हणजे लॅपटॉपवरच आभासी मेमरी कार्ड. आधी जुन्या सेव्ह्जची कॉपी, मगच हात लावणार.