आईचे मिटलेले ओठ

नाशिकला दोन दिवस होतो. काळाराम झालं, मिसळ झाली. रामकुंडावरची गर्दी मला सोसवत नाही, तिथून लवकर निघालो. लिहायचंय ते पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीबद्दल.

मामाच्या ओळखीचे एक वयस्कर चित्रकार तिथे राहतात. आईचं व्यक्तिचित्र काढून घ्यायचं मामाने परस्पर ठरवलं होतं. आई पैठणी नेसून खिडकीशी बसली, फोटोत हसते तशी हसत. काका ब्रशला हातच लावेनात. यंदाचा पाऊस, द्राक्षं, कुणाची मुलगी कुठे दिली... पाऊण तास नुसत्या गप्पा. मला हळूच म्हणाले, "हसू उतरू दे, मग सुरू करतो."

उतरलंच. ओठ मिटले, उजवी भुवई जराशी वर गेली, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. काकांनी बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने सावल्या मांडल्या. डोळे मात्र दुसऱ्या दिवशी, अगदी शेवटी.

चित्र बघून आई गप्प. मग म्हणाली, "मी एवढी रागीट दिसते?"

"रागीट कुठे, ताई? हिशेब मागतेयस," मामा म्हणाला.

मला गलबलून आलं. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वाण्याकडून आणलेले सुट्टे पैसे तिच्या हातावर ठेवायचो, तेव्हा हीच भुवई, हाच अंगठा. त्या अंगठ्यावर आमचं घर चाललं. घरात तिचे ढीगभर फोटो आहेत. एकातही ही बाई नाही. कॅमेऱ्यासमोर माणूस क्षणभर सावरून बसतो. दोन दिवस कोण सावरून बसणार?

पण धास्तीही वाटली. चर्चिलना ८० व्या वाढदिवसाला, १९५४ मध्ये, संसदेने ग्रॅहम सदरलंडने काढलेलं त्यांचं चित्र भेट दिलं होतं. खुर्चीत रुतलेला, थकलेला म्हातारा. त्यांना ते मुळीच आवडलं नाही, आणि पुढे घरच्यांनी ते नष्ट केलं.

काकांनी विचारलं, "ओठ थोडे सैल करू का? दोन हात मारले की झालं."

आईने पुन्हा बराच वेळ पाहिलं.

"नको, राहू द्या. काठ तेवढा नीट करा. येवल्याची आहे ती."

रंग ओला होता, चित्र तिथेच ठेवून निघालो. पुढच्या महिन्यात आणायला ती स्वतः जाणार आहे.