पिकअपचा टर्बो बूस्ट: रॉड आवळण्याआधी काय तपासायचं

भरलेली पिकअप घाटात ओढत नाही, मागून काळा धूर निघतो, आणि कोणीतरी सांगतं, "टर्बोचा रॉड दोन आटे आवळून घे." या सल्ल्याने चांगली इंजिनं वाया जातात. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत दाबाने हवा भरणारा पंखा; त्या दाबाला बूस्ट म्हणतात. बूस्ट ठरल्यापेक्षा वाढू नये म्हणून वेस्टगेट नावाचा फ्लॅप धूर बाजूने सोडतो, आणि तो ॲक्च्युएटर नावाच्या डब्यातून येणारा हा रॉड उघडतो. रॉड फिरवणं हे सगळ्यात शेवटचं काम, आणि बहुतेक गाड्यांना त्याची गरजच पडत नाही. हे सगळं मेकॅनिकल पंप आणि साधा वेस्टगेट टर्बो असलेल्या जुन्या डिझेल पिकअपबद्दल आहे.

डिझेल इंजिनाची ताकद डिझेलातून येते, हवा ते पूर्ण जाळायला लागते. पंप पूर्वीइतकंच डिझेल सोडत असेल, तर नुसता बूस्ट वाढवून विशेष काही हाती लागत नाही. उलट हवा तापते. बाहेर ३० अंश असताना १ बार बूस्टची हवा टर्बोतून साधारण १२० अंशांच्या पुढे जाऊन निघते. दाब आणखी चढवला की टर्बो आणखी वेगाने फिरतो, इंटरकूलरवरचा (ही तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीवरचा) ताण वाढतो, आणि हेड गॅस्केटवरचाही. लहान टर्बोचा शाफ्ट आधीच मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतो, हे विसरू नका.

म्हणून आधी धूर बघा. ओढत नाही आणि काळा धूर आहे, तर हवा कमी पडते आहे: चोक झालेला एअर क्लीनर, फुटका होज, सैल क्लिप. ओढत नाही आणि धूरही नाही, तर डिझेल कमी पडतं आहे: डिझेल फिल्टर, किंवा पंपाच्या डायफ्रॅमकडे जाणारी बूस्टची बारीक नळी. ही नळी तडकली की पंपाला बूस्ट आल्याचं कळतच नाही आणि तो डिझेल वाढवत नाही. नळीची किंमत किरकोळ असते, आणि लोक तिच्यापायी टर्बो बदलतात.

गळती शोधायला इंजिन बंद आणि थंड हवं. टर्बोच्या तोंडावरचा एअर क्लीनरचा होज काढून तिथे व्हॉल्व्ह बसवलेलं बूच क्लिपने घट्ट आवळा आणि रेग्युलेटर लावून ०.७ बारपर्यंत हवा भरा, त्याच्या वर नको. बुचासमोर उभं राहू नका, निसटलं तर गोळीसारखं येतं. साबणाचं पाणी होजच्या खालच्या बाजूला, क्लिपांखाली आणि इंटरकूलरच्या दोन्ही टोकांच्या जोडावर टाका. तेलाने ओला झालेला होज वरून धड दिसतो आणि खालून फुटलेला असतो, तेव्हा हात फिरवून बघा. ऑइल फिलरकडे थोडी हवा येणं साहजिक आहे, ती पिस्टनच्या रिंगांवरून निसटलेली असते.

गळती नाही, तरी तक्रार आहे, तर मीटर लावा. ० ते २ बारचा बूस्ट मीटर इनटेक मॅनिफोल्डवर जोडा. टर्बोतून हवा बाहेर पडते त्या तोंडाशी वेगळा दाब मोजून बघितला आणि दोन्हींत ०.१५ बारपेक्षा जास्त फरक आला, तर इंटरकूलर आतून चिकटला असण्याची शक्यता आहे. सोबत इंजिनातून निघणाऱ्या धुराचं तापमान मोजणारा के-टाइप प्रोब टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये बसवा. ड्रिल मारायला मॅनिफोल्ड उतरवाच; लोखंडाचा बारीक कीस टर्बाइनच्या पात्यांवर गेला की काम संपलं. चढावर सलग ७०० अंशांच्या वर तापमान राहत असेल, तर बूस्टला हात न लावता आधी नोझल आणि पंप कॅलिब्रेशनला द्या.

आता ॲक्च्युएटर. त्याला बूस्ट पोचवणारी नळी काढा, तिथे हातपंपाने हळूहळू दाब द्या आणि रॉडच्या टोकाला बारीक सरक मोजणारा डायल गेज लावा. कंपनीचा आकडा "अमुक दाबाला रॉड १ मिमी सरकला पाहिजे" असा असतो. तो सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा, दुसऱ्या मॉडेलचा चालत नाही. दाब धरून ठेवल्यावर हातपंपाचा काटा खाली येत असेल तर डायफ्रॅम फाटला आहे, तो ॲक्च्युएटर बदला. रॉड अडखळत सरकत असेल तर फ्लॅपच्या पिनवर काजळी बसली आहे.

कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी दाबालाच रॉड १ मिमी सरकला, तरच तो फिरवा. लॉक नट सैल करा, ई-क्लिप काढून रॉडचं टोक लिव्हरच्या पिनवरून सोडवा. रॉड पकडीने धरा, ॲक्च्युएटरच्या डब्यापासून फिरू देऊ नका, नाहीतर डायफ्रॅमला पीळ बसतो. फिरवायचं ते फक्त रॉडचं टोक; त्याला छिद्र असल्याने ते पिनवर बसायला किमान अर्धा फेरा लागतो. एम-६ आट्याच्या रॉडला अर्धा फेरा म्हणजे ०.५ मिमी. रॉड आखूड झाला की स्प्रिंग जास्त दाबली जाते आणि वेस्टगेट उशिरा उघडतो. एका वेळी अर्धा फेरा, मग पुन्हा हातपंप, पुन्हा डायल. कंपनीच्या आकड्यापर्यंत आणायचं, तिथे थांबायचं. खूप आखूड केलेला रॉड फ्लॅप पूर्ण उघडू देत नाही, आणि जास्त आरपीएमला बूस्ट आपोआप चढत राहतो.

नळी काढून ठेवणं, तिला तारेने आवळणं, मध्ये बॉल व्हॉल्व्ह घालणं हे प्रकार करूच नका. वेस्टगेटला दाबच कळला नाही तर तो उघडत नाही, टर्बो त्याच्या मर्यादेपलीकडे फिरतो आणि शाफ्ट तुटतो. त्याचे तुकडे कुठे जातात ते नंतर इंजिन खोलल्यावर कळतं.

रस्त्यावरची चाचणी दोघांनी करा, एकाने गाडी चालवायची, एकाने मीटर बघायचा. नेहमीचा माल भरून खंबाटकी किंवा कसाऱ्यासारखा लांब चढ, तिसरा गिअर, पूर्ण ॲक्सिलरेटर. बूस्ट ठरलेल्या आकड्यापेक्षा ०.१५ बारने पुढे गेला, किंवा टर्बोकडून फडफड आवाज आला, तर लगेच पाय काढा. मीटर वातावरणाच्या तुलनेत दाखवतो, त्यामुळे महाबळेश्वरसारख्या उंचीवर तोच आकडा दिसला तरी इंजिनाला मिळणारी हवा कमी असते.

कॉमन रेल आणि बीएस-६ गाड्यांत हे काहीही करू नका. तिथे बूस्ट ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. जास्त झाला की पी०२३४, कमी पडला की पी०२९९ कोड येतो आणि ताकद कापली जाते. व्हेरिएबल टर्बोचा (आतली पाती फिरवून बूस्ट बदलणाऱ्या टर्बोचा) स्टॉप स्क्रू फ्लो बेंचवर, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर, लावलेला असतो, त्याला पान्हा लावू नका.

काम झाल्यावर लॉक नटवर रंगाची खूण करा, ५०० किमीनंतर ती सरकली आहे का बघा आणि होजच्या क्लिपा पुन्हा आवळा.