योक मध्येच गायब व्हायचा आणि एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही

रात्री जेवण झालं की जुहूहून उडायचं, सेस्ना 172 हे छोटं विमान, खोपोलीच्या पुढे घाट ओलांडायचा, लोणावळा खाली दिसलं की हळूहळू पुण्याकडे. एक्स-प्लेन 12 या कंप्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर माझा हा ठरलेला रूट. जुहू मुद्दाम, कारण 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे तिथेच उतरले होते, त्या पट्टीवरून निघताना मला दर वेळी बरं वाटतं.

तर जानेवारीत नवीन योक घेतला, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, यूएसबीने कंप्युटरला लागतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हे सुरू झालं. लोहगावला उतरायची तयारी, ऑटोपायलट काढला, योक फिरवला तर विमान ढिम्म. योक मेलेला. केबल काढून परत लावली की जिवंत, पण तोवर विमान कुठल्या कुठे गेलेलं असायचं.

नेमकं उतरतानाच होतंय म्हणून मला वाटलं पुण्याची जी एक्स्ट्रा सीनरी, म्हणजे खालचं दृश्य, टाकलीये तिचा लोड येतोय. ती कस्टम सीनरी फोल्डरमधून बाहेर काढली, काही फरक नाही. मग एक्स-प्लेनच्या आउटपुट फोल्डरमधल्या प्रेफरन्सेस फोल्डरचं नाव बदललं, म्हणजे सगळ्या सेटिंग नव्याने होतात, आणि बटणांची अख्खी मांडणी परत लावत बसलो, त्यात एक रविवार गेला. (हे करायच्या आधी तो फोल्डर कॉपी करून ठेवा, प्लीज.) विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड म्हणून असतं ते बंद केलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवायला डिव्हाइस बंद करायची परवानगी असते ती टिक काढली. हे दोन्ही कराच, पण माझं दुखणं ते नव्हतं.

मग विंडोजच्या रनमध्ये joy.cpl (जॉय डॉट सीपीएल) टाइप केलं की गेम कंट्रोलरची यादी उघडते. ती बाजूला उघडी ठेवून उडलो. योक मेला तेव्हा यादीतून त्याचं नावच गेलं होतं. म्हणजे सिम्युलेटरचा काही संबंध नाही, कंप्युटरलाच योक दिसत नाहीये. हे पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं, तुम्ही तरी इथूनच सुरू करा.

आता वॉरंटी. इथे माझं डोकं अजून तापतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये सिरियल नंबर हवा, तो योकच्या बुडाला, म्हणजे टेबलाचा क्लॅम्प सोडवून सगळं उलटं करायचं. भरलं. उत्तर आलं, ड्रायव्हर परत टाका. टाकले. मग उत्तर, विंडोज परत टाका. तेही केलं, दीड दिवस, सगळी सीनरी परत डाउनलोड. तरी तेच. मग म्हणाले व्हिडिओ पाठवा. चाळीस मिनिटांच्या फ्लाइटमध्ये कधी बंद पडेल काय माहीत, म्हणून मोबाइल स्टँडला लावून सलग तीन रात्री शूटिंग केलं, तिसऱ्या रात्री सापडलं, यादीतून नाव जाताना स्पष्ट दिसतंय. पाठवलं तर फाइल मोठी म्हणून फॉर्म घेईना. लिंक दिली तर लिंक उघडत नाही म्हणून तक्रारीचं तिकीट क्लोज. क्लोज झालं की तेच तिकीट परत उघडत नाही, नवीन फॉर्म, परत सिरियल नंबर, परत बिल, आणि पलीकडे नवीन माणूस जो पुन्हा म्हणतो ड्रायव्हर टाका. फोन केला तर मॅडम म्हणाल्या, "सर, तुमची कम्प्लेंट टेक्निकल टीमकडे आहे." टेक्निकल टीमचा नंबर? "तो देता येत नाही सर." शेवटी म्हणाले मूळ खोक्यात पॅक करून कुरिअर करा, खर्च तुमचा. खोकं माळ्यावर होतं म्हणून वाचलो, तेव्हा खोकी टाकू नका. 23 दिवसांनी योक परत आला, सोबत एक चिठ्ठी, दोष आढळला नाही. योक लावला, उडालो, लोणावळ्याच्या पुढे परत मेला.

या सगळ्यात दोन महिने गेले आणि एकाही माणसाने विचारलं नाही की योक लावलाय कुठे. फॉर्ममध्ये माझा पिनकोड सुद्धा होता, पण हा प्रश्न नव्हता.

उत्तर आईमुळे सापडलं. ती भजनी मंडळात पेटी वाजवते. एका रात्री बाहेरून म्हणाली, "अरे, तुझं ते बंद पडायच्या आधी रोज दोन सूर उतरते वाजतात आणि लगेच चढते, ते काय असतं?" मी कानाला हेडफोन लावून असतो, विमानाचा आवाज त्यात, पण विंडोजचे आवाज स्पीकरला जात होते. उतरते सूर म्हणजे यूएसबी तुटलं, चढते म्हणजे जोडलं. म्हणजे काहीतरी तुटून परत येतंय! नीट बघितलं तर पायाची पेडल आणि हेड ट्रॅकर (डोकं वळवलं की स्क्रीनवरचं दृश्य वळवणारा) क्षणभर जाऊन परत येत होते, योक मात्र येत नव्हता. आणि हे तिघं एकाच छोट्या हबवर, म्हणजे एका यूएसबी पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीवर, जिला स्वतःचा अडॅप्टर नाही. यूएसबी 2.0 च्या एका पोर्टला 500 मिलिअँपिअर मिळतात, त्यातच हब आणि त्यावरचं सगळं भागवायचं. योकला दिवे, ट्रॅकरला दिवे, कधीतरी कमी पडणारच. आणि उतरतानाच का? तर उतरतानाच नाही. तो आधीच कधीतरी गेलेला असायचा, ऑटोपायलट चालू असल्यामुळे मी हातच लावत नव्हतो. आई ते सूर ऐकायची ते घाटाच्या आसपास, पुण्यात नाही. आणि सर्व्हिस सेंटरला त्यांनी तो थेट कंप्युटरला लावला असणार, मग दोष कसा आढळेल.

खात्री करायला योक थेट मागच्या पोर्टला लावला, चार रात्री काही नाही. मुद्दाम परत हबवर लावला, वीस मिनिटांत गेला. त्या क्षणी जो आनंद झाला तो चांगल्या लँडिंगला पण होत नाही. आता पेडल आणि ट्रॅकर अडॅप्टरवाल्या हबवर, योक कायमचा मागे.

पोर्ट बदललं की काही डिव्हाइस कंप्युटरला नवीन वाटतात आणि कॅलिब्रेशन (हालचालीची मापं जुळवणं) परत मागतात, म्हणून मी केबलला आणि पोर्टला दोन्हीकडे नंबरची पट्टी चिकटवलीये. एक्स-प्लेनची लॉग फाइल दर वेळी चालू करताना पुसली जाते, गडबड झाली की परत सुरू करायच्या आधी ती कॉपी करून घ्या. आणि विंडोजचे आवाज हेडफोनमध्येच घ्या.

शेवटच्या तिकिटाच्या फीडबॅकमध्ये मी एवढंच लिहिलं, फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा: डिव्हाइस कंप्युटरला थेट लावलंय की हबला? तीन आठवडे झाले. काल फॉर्म उघडून बघितला, अजून नाहीये.